पहिला रोप (चढाईचा दोर) घ्यायचाय : बजेट १२ हजार, टिकला पाहिजे!

दगडधोंडे
मंडळी, नमस्कार. दोन वर्षं एका क्लबबरोबर कातळावर चढतोय. क्लबचा रोप, क्लबचे हार्नेस (कंबरेचे पट्टे), क्लबचाच चहा. आता आमचा चौघांचा वेगळा कंपू जमलाय आणि दर रविवारी क्लबकडे रोप मागायला संकोच वाटतो. मिळतही नाही म्हणा, कारण रविवारीच सगळ्यांना हवा असतो. तेव्हा स्वतःचा पहिला रोप घ्यायचं ठरवलंय.

वापर असा : आठवड्याला एक दिवस बेलापूर नाहीतर मुंब्रा. बराचसा टॉप रोप (रोप आधीच वर अडकवलेला), थोडं लीड (रोप सोबत नेत, वाटेत अडकवत चढणं). डिसेंबरात बदामी. पुढेमागे तैलबैला, एखादा सुळका.

नेटवर पाहिलं तर साडेनऊ हजारांपासून अठरा हजारांपर्यंत सगळं आहे आणि डोकं गरगरायला लागलं. ९.२ मिमी घेऊ की १०.२? एकावर '६ फॉल' लिहिलंय, दुसऱ्यावर '१० फॉल', म्हणजे दहावाला जास्त टिकणार ना? ड्राय ट्रीटमेंटचे (रोपाने पाणी शोषू नये म्हणून) दीड-दोन हजार जास्त द्यावेत का? आणि मुख्य म्हणजे ओळखीतले एक सिनिअर त्यांचा तीन वर्षं वापरलेला रोप साडेतीन हजारांना देतायत. तो घेऊन उरलेल्या पैशांत क्विकड्रॉ (वाटेत रोप अडकवायच्या जोडकड्या) घ्यावेत असा मोह होतोय.

टिकाऊपणा सगळ्यात महत्त्वाचा. नोकरी नवी आहे, दर वर्षी रोप घ्यायची ऐपत नाही.

पेठेतला
सर्वात टिकाऊ आणि स्वस्त : घोरपड. खाणं-पिणं तिचं ती बघते, मॅन्युफॅक्चरिंग डेट पाहावी लागत नाही.

चकली
आणि सुतावरून स्वर्ग गाठायचा बेत असेल तर सूत तरी चांगलं घ्या. (हलके घ्या.)

कातळवेडी
विनोद झाले असतील तर मुद्द्याचं बोलू.

दगडधोंडे, फॉलचा आकडा हा टिकाऊपणाचा आकडा नाही. नव्यांपैकी दहातल्या नवांची इथेच गल्लत होते. प्रयोगशाळेत ८० किलोचं वजन साधारण १.७ फॉल फॅक्टरने (किती मीटर पडलं भागिले किती मीटर रोप बाहेर) पाडतात, दर पाच मिनिटांनी एकदा, आणि रोप तुटेपर्यंत मोजतात. सिंगल (एकेरी वापरायच्या) रोपने किमान ५ झेलले की पास. हा फॉल इतका भयंकर असतो की बेलापूरला तुझ्या वाट्याला तसा बहुधा कधीच येणार नाही. त्यामुळे ६ असो की १०, तू तितक्या वेळा पडलास की रोप संपला असं काही नसतं. आकडा मोठा असणं चांगलंच, पण तुझा रोप त्यामुळे मरणार नाही. तो मरेल घासून. आपल्या बेसॉल्टच्या धारेवर, मुरमात आणि मातीत.

टिकायला हवा असेल तर बाहेरचं आवरण, म्हणजे शीथ, किती जाड आहे ते बघ. बऱ्याच कंपन्या शीथचं प्रमाण टक्क्यांत देतात. ३५ ते ४० असेल तर ठीक. आणि जाडी ९.८ ते १०.२ यांच्या मध्ये. ९.२ हा हलका रोप आहे, पण तो कोणासाठी? दोन तास चालून जाणाऱ्या आणि वर अवघड लीड करणाऱ्या माणसासाठी. ६० मीटरमध्ये ९.२ आणि १० यांच्यात फरक अर्ध्या किलोच्या आसपासच पडतो. म्हणजे पाण्याची एक छोटी बाटली. मुंब्र्याला स्टेशनवरून चालत जाताना तेवढ्या वजनाने कोणी मेलं नाही.

आणखी एक. तुम्ही बिले (खालून रोप धरून चढणाऱ्याला सांभाळणं) कशावर करता? फिगर ऑफ एटवर, म्हणजे आठाच्या आकाराच्या कडीवर, करत असाल (आपल्याकडे अजून खूप जण करतात) तर बारीक रोप हातातून सुळकन पळतो. डिव्हाइसवर किती ते किती मिमीचा रोप चालतो ते कोरलेलं असतं, ते वाच आणि मगच जाडी ठरव.

ओंकार_डों
मस्त माहिती ताई. वाचनखूण साठवली.

लोखंडवाला
एवढा बाऊ कशाला? हार्डवेअरच्या दुकानात १६ मिमीचा नायलॉन दोर किलोवर मिळतो. त्यावर ट्रक बांधतात. माणूस ८० किलोचा, ट्रक १० टनाचा. हिशेब करा. हे परदेशी कंपन्यांचं मार्केटिंग आहे सगळं.

पेठेतला
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

निवांत गुरुजी
लोखंडवाला, ट्रक पडत नाही हो. उभा असतो. तिथेच सगळा घोळ आहे.

शिकवायचा जुना रोग आहे म्हणून थोडं विस्ताराने. लीड करणारा शेवटच्या क्लिपच्या (जिथे रोप अडकवला त्या जागेच्या) २ मीटर वर आहे आणि पडला, तर तो ४ मीटर खाली येणार. बिलेअरपासून त्याच्यापर्यंत रोप १० मीटर असेल तर फॉल फॅक्टर ०.४. तोच माणूस सुळक्यावरच्या स्टेशनवरून (मधे थांबून बिले करायच्या जागेवरून) निघाला, २ मीटर वर गेला, एकही क्लिप न घालता पडला, तर ४ मीटरचा फॉल आणि रोप फक्त २ मीटर. फॅक्टर २. पडणं तेवढंच, पण धक्का शोषायला रोप पाचपट कमी. क्लाइंबिंगमधला हा सर्वात वाईट फॉल.

आता धक्का शोषतो कोण? डायनॅमिक रोप ताणला जातो म्हणून. कसोटीच्या पहिल्या फॉलला तो १२ किलोन्यूटनपेक्षा जास्त धक्का पोचू देत नाही, म्हणजे साधारण सव्वा टन. त्यापलीकडे माणसाच्या शरीराला धोका, म्हणून ती मर्यादा. तुमचा १६ मिमीचा दोर तुटणार नाही, अगदी मान्य. पण तो हवा तेवढा ताणला जाईल याची खात्री नाही. दोर शाबूत राहील, माणसाचं मात्र सांगता येत नाही. किंवा अँकर (रोप ज्याला बांधलाय तो कातळातला आधार) उपटून येईल. म्हणून पाकिटावर ईएन ८९२ (युरोपीय मानक) आणि रोपाच्या टोकावर वर्तुळात १ हा आकडा, एवढं पाहिल्याशिवाय लीडसाठी काहीही घेऊ नये.

लोखंडवाला
बरं बरं. दोर मागे घेतो. पण परतीचे दोर कापले नाहीत हां.

जुना खेळाडू
लोखंडवालांवर इतके तुटून पडू नका. १९८४ साली आम्हीही तेच केलेलं आहे. भाऊच्या धक्क्याजवळून, मच्छीमार ज्या दुकानातून घ्यायचे तिथून पिळाचा नायलॉन दोर आणायचो. आमच्या आधीचे तर मनिला दोरावर चढले, तो भिजला की लाकडासारखा कडक व्हायचा आणि गाठ सुटायची नाही. हार्नेस कसला? कंबरेला दोराचे वेढे, बोलाईन गाठ, आणि बिले खांद्यावरून. लीडरला एकच नियम पाठ असायचा : पडायचं नाही. त्या काळात तो नियम नव्हता, रोपच होता तो.

गंमत अशी की आता ज्याला आपण सर्रास रोप म्हणतो, म्हणजे आत गाभा आणि बाहेर विणलेलं आवरण, तो एडलरिड या जर्मन कंपनीने १९५३ सालीच आणला होता. आमच्या हातात तो यायला तीसेक वर्षं गेली. पहिल्यांदा क्लबला असा रोप मिळाला तो एका परदेशी मोहिमेहून परतलेल्या मंडळींनी मागे सोडलेला. लाल रंगाचा होता. आम्ही तो सहा महिने वापरलाच नाही, नुसता कपाटात ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचो. मग एकदा ड्यूक्स नोजला नेला आणि पहिल्याच दिवशी एकाने त्यावर नाळ ठोकलेल्या बुटाने पाय दिला. तो किती बोलणी खाऊन गेला असेल याची कल्पना करा. आज तो गृहस्थ आजोबा आहे, तरी आम्ही अजून त्याला 'नाळ' म्हणतो.

मुद्दा एवढाच, की रोपावर पाय देऊ नका. वाळूचा कण आत शिरतो आणि आतून धागा कापत राहतो.

चकली
सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते पिळाच्या दोरावरून का, काका?

जुना खेळाडू
नाही बेटा, आमच्या सौ. माझ्यावरून म्हणतात.

रॅपलिंगवाला_दादा
मला इथे कोणीच स्टॅटिक (फारसा न ताणला जाणारा रोप) सुचवलेला दिसत नाही. वर स्वतः लिहिलंय, बराचसा टॉप रोप. टॉप रोपला डायनॅमिक हवा कशाला? देशी बनावटीचा स्टॅटिक खूप स्वस्त पडतो, जाड असतो, आवरण कडक, कातळावर वर्षानुवर्षं चालतो. आम्ही धबधबा रॅपलिंग (दोरावरून खाली उतरणं) आणि व्हॅली क्रॉसिंग त्यावरच करतो. डायनॅमिकवर रॅपल केला की यो-योसारखं वरखाली होतं आणि नेमकी धार घासली जाते. म्हणजे जो रोप टिकायला हवा तोच लवकर जातो.

कातळवेडी
दादा, शेवटचं वाक्य शंभर टक्के बरोबर. पण सुरुवातीशी सहमत नाही.

टॉप रोपला स्टॅटिक चालतो, पण बिलेअर कायम ताण ठेवून असेल तरच. आपल्याकडे रविवारी बिलेअर काय करत असतो? वडापाव खात असतो. दीड-दोन मीटर ढील पडला आणि वरचा घसरला तर स्टॅटिकवर तो धक्का सरळ कंबरेला आणि अँकरला. शिवाय हा मुलगा थोडं लीडही करणार म्हणतोय. बॅगेत एकच रोप असेल तर कधीतरी कोणीतरी 'एवढंसं तर आहे' म्हणत तोच लीडला बांधणार. पहिला आणि एकुलता एक रोप डायनॅमिकच हवा.

रॅपलिंगवाला_दादा
वडापावचं वाईट वाटलं, पण मान्य. तरी ताणाचा मुद्दा सोडत नाही. सिंगल रोपला ८० किलोच्या वजनाने १० टक्क्यांपर्यंत ताण चालतो असं तुमचंच मानक सांगतं. ८ टक्क्यांचा रोप धरा. ३० मीटर रोप बाहेर आहे आणि सेकंड, म्हणजे मागून चढणारा, खालच्या टप्प्यावर पहिल्याच मूव्हला सुटला, तर तो लटकेपर्यंत जवळजवळ अडीच मीटर खाली जाणार. खाली टप्पा असेल तर घोटा गेला. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, दोन महिने प्लास्टर.

निवांत गुरुजी
हा मुद्दा कोणी सहसा सांगत नाही. म्हणून पाकिटावर 'स्टॅटिक इलाँगेशन' म्हणून जो आकडा असतो तो बघा. ज्याचा बराचसा टॉप रोप आहे त्याने ७-८ टक्क्यांचा घ्यावा, साडेनऊचा नको. आणि जमिनीजवळ चढणारा असला की बिलेअरने रोप जरा कडकच धरावा.

मुक्ताई
विषय थोडा बाजूला नेते. माझा पहिला रोप क्लाइंबिंगमध्ये नाही, गॅलरीत संपला. बदामीहून आले, लाल वाळूने भरलेला म्हणून आंघोळीच्या टबमध्ये कोमट पाण्यात धुतला, गॅलरीत सावलीत वाळायला टाकला आणि ऑफिसला गेले. संध्याकाळी येऊन बघते तर आईने तो खिडकीच्या गजाला आणि पलीकडच्या पाइपला ताणून बांधलाय आणि त्यावर चार गोधड्या! वर म्हणते, "किती चांगली दोरी आणलीस गं, अजिबात लोंबत नाही."

तोपर्यंत ठीक होतं हो. पण पाइप गंजलेला होता आणि दुपारी कामवाल्या मावशींनी त्याच गॅलरीत फरशीचे डाग काढायला ॲसिड ओतलं होतं. रोपाचं एक टोक खाली लोळत होतं. दिसायला काही नव्हतं. हाताला जरा खरखरीत लागलं, इतकंच. टाकला. रडून टाकला, पण टाकला.

पेठेतला
आईला आयएसआय मार्कवाली दोरी आणून द्यायची होती.

ओंकार_डों
पण ॲसिडचा थोडासा शिंतोडा पडला तर तेवढा तुकडा कापून उरलेला वापरता आला असता ना?

निवांत गुरुजी
किती भागावर वाफ-शिंतोडे गेले हे कळलं असतं तर. नायलॉनला ॲसिडचं वावडं आहे आणि नुकसान डोळ्यांना दिसत नाही. बॅटरीचं ॲसिड तर सर्वात वाईट. रोप गाडीच्या डिकीत जुन्या बॅटरीशेजारी, किंवा घरात इन्व्हर्टरच्या बॅटरीवर ठेवणारे मी पाहिलेत. "तिथे जागा होती" हे कारण! मुक्ताई, टाकला ते उत्तम केलंस.

आता यातून दगडधोंडेच्या साडेतीन हजारांच्या प्रश्नाकडे येतो. सेकंडहँड रोप घेऊ नये, ते याच कारणासाठी. विकणारा खोटं बोलतो असं नाही. त्यालाही माहीत नसतं की त्याच्या गॅलरीत काय झालं.

पेठेतला
+१. सेकंडहँड दोनच गोष्टी घेऊ नयेत, रोप आणि हेल्मेट. बाकी सगळं आम्ही पुण्यात जुन्या बाजारातून घेतो.

रानवारा
बराच वेळ वाचत होतो. आता बोलतोच. ते 'ओळखीतले सिनिअर' म्हणजे मी.

दगडधोंडे, धागा काढलास ते बरं केलंस, राग नाही. माझी बाजू अशी की रोप मी स्वतः घेतला, बिल आहे, डायरी ठेवलीय. मोठा लीड फॉल दोनच. पण हा धागा वाचून काल डायरी पुन्हा काढली. तीन वर्षांत ११७ दिवस वापर. त्यातले ४० दिवस नागफणीला रॅपलिंग, म्हणजे दादा म्हणतात तसा धारेवर यो-यो. गेल्या पावसाळ्याआधी एक टोक फार फुगलं होतं म्हणून ४ मीटर कापलं. हे सगळं तुला सांगायचं राहून गेलं होतं. मुद्दाम नाही, सुचलंच नाही.

रोप लटकवला की धरतो, चढायला मी अजून वापरीन. पण तुला विकणार नाही. विचार बदलला.

कातळवेडी
रानवारा, दिलदार आहात. पण एक विचारते, ४ मीटर कापल्यावर मधली खूण बदललीत का?

रानवारा
...नाही.

कातळवेडी
मग आधी ते करा. खूण ३० मीटरवर होती. एका टोकाचे ४ मीटर गेले, म्हणजे खुणेच्या एका बाजूला ३० आणि दुसऱ्या बाजूला २६. खूण अँकरमध्ये ठेवून रॅपल केलात आणि टोकांना गाठ नसेल तर छोट्या बाजूचा शेवट हातातून निघून जाईल. असे अपघात होतात आणि अनुभवी माणसांचेच होतात, कारण नवखा मधोमध शोधायला दोन्ही टोकं एकत्र घेतो, अनुभवी खुणेवर विसंबतो. दोन्ही टोकांना गाठ, कायम. आणि खूण करायला घरातला कुठलाही मार्कर नको, काही शाईने नायलॉन कमकुवत होतो. रोपासाठीची खास शाई मिळते, तीच.

रानवारा
दंडवत. आज रात्रीच करतो. मागच्या महिन्यात दोनदा त्या खुणेवर विसंबून उतरलोय. हात-पाय जरा गार पडलेत हे टाइप करताना.

जुना खेळाडू
चहा घे बाबा. आम्ही सगळे असेच मोठे झालो आहोत.

म्युनिकवाली
इथे हॉलमध्ये (बंदिस्त जागेतल्या कृत्रिम भिंतींवर) चढणारे बहुतेक लोक ४० मीटरचा रोप घेतात, बाहेर सरसकट ७०. मी पण पहिल्यांदा ७० घेतला आणि पस्तावले नाही, कारण टोकं आधी झिजतात. गाठ तिथेच बसते, पडणं तिथेच. दर वर्षी दोन-तीन मीटर कापत गेलं तरी शेवटी ६० उरतो. बजेट ताणता येत असेल तर विचार करा.

कातळवेडी
बेलापूर-मुंब्र्याला ६० सुद्धा जास्तच होतो. बदामीच्या बहुतेक बोल्टेड (बोल्ट ठोकलेल्या) रूट्सना ६० पुरतो. ७० चे पैसे आणि वजन इथे वाया. त्याऐवजी दर दोन-तीन वेळांनी टोकं अदलाबदल करायची. आज या टोकाला बांधलं तर पुढच्या वेळी त्या. फुकटात आयुष्य वाढतं.

म्युनिकवाली
ते मी पण करते. आणि दोन्ही टोकं सारखी झिजली, सारखीच कापली, की मधली खूण मधेच राहते ना. :) बरं, ६० च घे.

ओंकार_डों
ड्रायचं राहिलं.

निवांत गुरुजी
ड्राय म्हणजे धाग्यांवर पाणी न शोषणारा थर. ओल्या रोपाची धक्का सोसायची ताकद बरीच उतरते, म्हणून बर्फात, हिमालयात तो हवाच. आपण कातळावर चढतो ते ऑक्टोबर ते फेब्रुवारी, फार तर मार्च. पावसात बेसॉल्टवर शेवाळ, चढणार कोण? पावसाळ्यात रॅपलिंग करणारे स्टॅटिक वापरतात. दगडधोंडेला ड्राय नको. त्या पैशांत एक चांगली ताडपत्री आणि पाचेक लांब स्लिंग (अँकरला बांधायच्या पट्ट्या) घ्यावीत.

ताडपत्री का, ते जुना खेळाडूंनी सांगितलंच. स्लिंग का, तर रोप धारेवरून वळू नये म्हणून. कसोटीत रोप ज्या कडेवर पडतो ती कड ५ मिमी गोलाईची, गुळगुळीत. आपल्या कड्यांवर ताज्या फुटलेल्या बेसॉल्टची धार भाजी चिरायच्या विळीसारखी असते. तैलबैल्याला गेलास की कळेल. टॉप रोप लावताना अँकर काठाच्या खाली लोंबला पाहिजे, म्हणजे बिनर (रोप अडकवायची कडी) कातळाच्या बाहेर आणि रोप मोकळ्या हवेत. हे एक जमलं की साडेनऊ हजारांचा रोपही पंधरा हजारांच्या रोपापेक्षा जास्त जगतो.

रॅपलिंगवाला_दादा
धारेवर टाकायला जुन्या फायर होजचा तुकडा उभा चिरून घ्या. भंगारात मिळतो. नाहीतर जुन्या जीन्सची एक टांग.

चकली
दुसऱ्या टांगेचं काय करायचं?

रॅपलिंगवाला_दादा
दुसऱ्या कड्याला.

हिशेबनीस
चौघे जण आहात म्हणताय तर एकटा १२ हजार का घालतोय? रोपाची भिशी लावा. दर महिन्याला प्रत्येकी पाचशे, सहा महिन्यांत १२ हजार जमा. पुढचे सहा महिने चालू ठेवली की दुसऱ्या वर्षी स्टॅटिकही येईल. आम्ही असंच केलं.

मुक्ताई
आणि भांडण झाल्यावर? आमच्या ग्रुपच्या भिशीचा रोप आता ज्याच्याकडे आहे त्याच्याशी तिघेजण बोलत नाहीत. रोप माळ्यावर पडून आहे. सामाईक वस्तू कोणाचीच नसते. कोणी धुतला, कोणी चिखलात टाकला, कोणी गुपचूप गाडी ओढायला नेला, काही कळत नाही.

हिशेबनीस
गाडी ओढायला??

मुक्ताई
मारुती ८००. ती गाडी ज्याची, त्याच्याशीच तिघे बोलत नाहीत.

निवांत गुरुजी
पैसे सामाईक चालतील, पण जबाबदार एकच. ज्याच्या घरी रोप, त्याच्याकडे वही. तारीख, जागा, कोण पडला, काय दिसलं. क्लबात हे होतं, म्हणून क्लबचे रोप वेळेवर बाद होतात.

आणि आयुष्याबद्दल अपेक्षा जमिनीवर ठेवा. कंपन्यांचे ढोबळ अंदाज असे : अजिबात न वापरलेला, नीट ठेवलेला रोप जास्तीत जास्त १० वर्षं. महिन्यातून एकदा वापर असेल तर ५ वर्षांपर्यंत. दर आठवड्याला वापरला तर वर्षभर, फार तर थोडा जास्त. तू आठवड्याला एकदा म्हणतोस, चौघे चढणार. 'दर वर्षी रोप घ्यायची ऐपत नाही' हे वाक्य पुन्हा वाच. रोप ही बुटासारखी झिजणारी वस्तू आहे. महिन्याला हजार रुपये खर्च धरून चाल. त्याअर्थी भिशी वाईट नाही.

मधेच बाद करायचा कधी? दर वेळी गुंडाळताना पूर्ण रोप बोटांतून फिरवायचा. कुठे मऊ, चपटा, पोकळ लागला, किंवा दुमडल्यावर गोल वळसा न पडता टोकदार घडी पडली, तर आतला गाभा गेला. आवरण फाटून पांढरं दिसलं तर विषयच संपला.

दगडधोंडे
बापरे, दोन दिवस ऑफिसात अडकलो आणि इथे एवढं झालं! सगळ्यांचे आभार. रानवारा दादा, मी नाव लिहायला नको म्हणूनच 'ओळखीतले' लिहिलं होतं, खरंच सॉरी.

तर झालं असं. चौघांशी बोललो, भिशी ठरली, पण रोप माझ्या घरी आणि वही माझ्याकडे. (आमच्यात कोणाकडे मारुती ८०० नाही, सगळे लोकलने फिरतात.) दुकानात जाऊन तीन रोप हातात घेऊन बघितले. ९.८ मिमी, ६० मीटर, ड्राय नसलेला घेतला. युरोपियन कंपनीचा आहे, शीथ ३९ टक्के, स्टॅटिक इलाँगेशन ७.५. पट्टीवरची मॅन्युफॅक्चरिंग डेट पाहिली, आठ महिन्यांपूर्वीची निघाली. त्याच्याच शेजारी सवलतीत दुसरा होता, दीड हजारांनी स्वस्त, तो चार वर्षांपूर्वीचा. विचारलं तर दुकानदार म्हणाला, "त्याने काय होतंय? दोर काय दूध आहे का नासायला?" नको म्हटलं. घासाघीस करून ११,४०० ला पडला. उरलेल्यात ताडपत्री आली. स्लिंग पुढच्या महिन्याच्या भिशीतून.

फिगर ऑफ एटवर बिले करतो का, हा प्रश्न होता. हो, करत होतो. ताईंचं वाचून एक जण स्वतःचं ट्यूब डिव्हाइस घेतोय.

निवांत गुरुजी
चार वर्षांपूर्वीचा बंद पाकिटातला रोप नासलेला नसतो, दुकानदार अगदीच चुकला नाही. पण आठ महिन्यांपूर्वीचा मिळत असताना तो का घ्यावा? बरं केलंस.

कातळवेडी
पहिल्यांदा वेटोळं उघडताना नुसती टोकं ओढू नकोस, गुंता होईल. मूळ वेटोळं जसं गुंडाळलंय तसंच उलटं फिरवत सोड, एखाद्याच्या दोन्ही हातांवर लोकरीच्या लडीसारखं धरून. मग दोन-तीनदा पूर्ण लांबी हातातून ओढून पीळ काढ.

दगडधोंडे
आईच्या हातांवर धरूनच सोडला काल! तिला लोकरीची सवय आहे, मला नाही. पाऊण तास लागला. मधेच म्हणाली, "एवढी लांब? गॅलरी तर बारा फुटांची आहे."

मुक्ताई
कुलूप लाव. आत्ताच्या आत्ता कुलूप लाव.

रानवारा
दगडधोंडे, माझा जुना रोप मी परवा बाद केला. मधली खूण करायला घेतला आणि २२ मीटरवर एक जागा चपटी लागली, जी इतके दिवस हाताला लागली नव्हती. आता त्याचे तुकडे केलेत. पाच-पाच मीटरचे तीन तुकडे गाठी आणि प्रुसिक (रोपावर आवळून धरणारी गाठ) शिकायला, जमिनीवरच. रविवारी बेलापूरला घेऊन येतो. आणि एक बारा फुटांचा वेगळा ठेवलाय, तुझ्या आईसाठी.